यंदा साहित्याची यादी नको

मागच्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी आपल्या मराठी वाङ्मय मंडळाच्या फलकावर एक कागद लागला होता. वर ठळक अक्षरांत 'हस्तनिर्मित भेटकार्ड स्पर्धा : नाताळ आणि नववर्ष' आणि खाली 'आवश्यक साहित्य' म्हणून १४ वस्तूंची यादी. ती यादी मी केली होती. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला वाटायचं की ही कुणाच्या तरी नावानं बोटं मोडतेय.

यादी केली कशी? मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ बघितले आणि त्यातल्या बाईंच्या टेबलावर जे जे दिसलं ते लिहून काढलं. रंगीत कार्डस्टॉक, नक्षीचा कागद, क्विलिंगच्या पट्ट्या आणि सुई, दोन मापांचे पंच, फोम टेप, वॉशी टेप, ग्लू गन, चिकटवायचे मोती, चमकी, एम्बॉसिंग पावडर. ही पावडर वितळवायला हीट गन लागते हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं, त्यामुळे यादीत पावडर होती आणि गन नव्हती. कुणी विचारलंही नाही. सगळ्यात शेवटी 'सेंटिमेंट स्टिकर'. कार्ड बनवणाऱ्यांच्या धंद्यात कार्डावरच्या मजकुराला सेंटिमेंट म्हणतात. म्हणजे आपली भावनासुद्धा पाकिटात बंद, मागून गोंद लावलेली, सोलायची आणि चिकटवायची.

स्पर्धेला अकरा कार्डं आली. एवढ्या मोठ्या कॉलेजातून अकरा! टेबलावर मांडली तेव्हा सगळी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी दिसत होत्या. साहजिकच आहे, सगळ्यांनी खडेबाजार आणि गणपत गल्लीतून तेच सामान आणलेलं. गुण ५० होते : सजावटीला २०, मांडणीला २० आणि मजकुराला १०. मराठी वाङ्मय मंडळाची स्पर्धा, आणि मजकुराला १०. ही विभागणीही बैठकीत मीच वाचून दाखवली होती आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे, होस्टेलला राहते. तिचं अक्षर असं आहे की सर तिची वही फोटो काढायला मागून नेतात. तिनं भाग घेतला नव्हता. जानेवारीत कधीतरी मी सहज विचारलं, अगं तू का नाही दिलंस? ती म्हणाली, "यादी बघितली की मी. दुकानात विचारूनपण आले. साडेपाचशेच्या वर जात होतं सगळं. मेसचा आठवडा झाला तो." तक्रारीच्या सुरात नाही, बसचं भाडं सांगावं तसं सांगितलं आणि पुढच्या तासाला निघून गेली. मी मात्र तिथंच उभी राहिले.

त्याच महिन्यात माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ती खानापूर तालुक्यात गावी असते. स्पर्धेसाठी आणलेलं सामान माझ्याकडे उरलं होतंच, मग मी तिच्यासाठी कार्ड केलं. अख्ख्या ए-फोर कागदाची घडी, वर क्विलिंगची फुलं, कडेनं मोती, मध्ये सोनेरी स्टिकर. पोस्टात दिलं तर खिडकीतल्या काकांनी काट्यावर ठेवलं, "एकतीस ग्रॅम," म्हणाले आणि आणखी पाच रुपयांचं तिकीट मागितलं. पुढे गावी गेले तेव्हा आजीनं ते कार्ड ट्रंकेतून काढून दाखवलं. शिक्क्याच्या मारानं दोन मोती कागदात रुतले होते, घडीवर रंग फाटून पांढरी रेघ आली होती आणि पुढचं पान पापडासारखं वाकलं होतं. ते मी सोसलं असतं. पण आजी चौथी शिकलेली, रोजचा पेपर वाचणारी बाई. तिनं नवीन डोळ्यांनी तो सोनेरी स्टिकर न्याहाळला आणि विचारलं, "हे काय लिवलंय गं?" मी सांगितलं, 'गेट वेल सून', म्हणजे लवकर बरी हो. ती म्हणाली, "मराठीत गावत न्हाई काय?"

गावत नाही, आजी. खरंच गावत नाही. नंतर मी मुद्दाम चार दुकानं फिरले. इंग्रजीतले स्टिकर ढिगानं, अक्षरांचे शिक्के, स्टेन्सिल, लाकडी अक्षरं, सगळं ए टू झेड. मराठीत लग्नाच्या पाकिटावर लावायचा 'शुभविवाह' तेवढा मिळाला. यात दुकानदारांचा दोष नाही. रोमन लिपीचा संच २६ अक्षरांत आटोपतो. आपलं 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' घ्या. त्यात 'च्या' आहे, 'र्दि' आहे, 'च्छा' आहे. काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं धरून संच करायचा तर डबा नाही, कपाट लागेल. छापखानेवाल्यांनी हे कपाट खरोखर बाळगलं होतं. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये एकोणिसाव्या शतकात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे खिळे पाडले. तिथंच काम शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर छापखाना काढला. त्या माणसांनी एकेका जोडाक्षराचा खिळा ओतला, तेव्हा आपल्याला सुबक मराठी पुस्तकं मिळाली. हौशी कार्डवालीसाठी तेवढा खटाटोप कोण करणार?

म्हणून माझं म्हणणं असं, की भेटकार्डाच्या सामानात आपल्याला सगळ्यात आधी लागते ती लेखणी. आणि ती त्या १४ वस्तूंत नव्हतीच.

आता बाकीच्या सामानाचं. माझे बाबा शहापुरातल्या एका छापखान्यात बायंडिंग आणि कटिंगचं काम बघतात. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे त्यांच्याकडे दिनदर्शिका आणि डायऱ्यांची धांदल, रात्री दहाशिवाय घरी येत नाहीत. आजीचं ते वाकलेलं कार्ड मी त्यांना दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन एकदा उभं वाकवलं, एकदा आडवं वाकवलं आणि म्हणाले, "ग्रेनच्या उलट मोडलंयस." वीस वर्षं मी या माणसाच्या घरात राहते, आणि कागदाला लाकडासारखं उभं-आडवं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

तर ग्रेन म्हणजे असं. कागद बनताना त्यातले तंतू बहुतांशी एका दिशेला निजतात. त्या दिशेनं घडी घातली तर कागद निमूट वळतो, आडवी घातली तर तंतू तुटतात आणि घडीवर ती पांढरी रेघ येते. ओळखायचं कसं? कागद न मोडता, नुसता हातानं वाकवून बघायचा. ज्या बाजूनं कमी जोर लागतो ती घडीची बाजू. याला एक पैसा लागत नाही. जाड कागद असला तर घडीच्या जागी आधी क्रीज मारायची. छापखान्यात त्याला यंत्र असतं, पण बाबा घरी संपलेल्या बॉलपेनची रिफिल आणि स्टीलची पट्टी वापरतात. पूर्वी बायंडरकडे त्यासाठी हाडाची गुळगुळीत पट्टी असायची, आता ती प्लॅस्टिकची मिळते, पण रिफिल पुरते. आणि एक गंमत : क्रीज मारली की एका बाजूला खाच पडते आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा येतो. आपल्याला वाटतं खाचेच्या आत दुमडावं. तसं नाही, उंचवटा आत राहिला पाहिजे. मी जन्मभर उलटं दुमडत आलेय.

पान पापडासारखं का झालं? तर मी फेव्हिकॉल थापला होता. त्यात पाणी असतं, पाण्यानं तंतू फुगतात आणि ज्या बाजूला गोंद लागला ती बाजू ताणली जाते. "गोंद वाईट नाही, तुझा हात जड आहे," इति बाबा. जुन्या कार्डाच्या तुकड्यानं पातळ ओढायचा, चिकटवून झालं की वर दोन जाड पुस्तकं ठेवायची आणि सकाळपर्यंत बघायचं नाही. जुने बायंडर मैद्याची खळ करत, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. मोरचूद विषारी असतो, त्यामुळे ते कुणी करू नका. पण नुसती खळ करून बघा, कार्डापुरती उत्तम चालते. उरली तर ठेवू नका, दुसऱ्या दिवशी वास मारते.

कटरबद्दल बाबा जरा कडक आहेत. त्यांच्या डाव्या अंगठ्यावर व्रण आहे, तो यंत्राचा नाही, साध्या कटरचा आहे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते सटकतं. म्हणून पातं मोडायला कंजूषपणा करायचा नाही. पट्टी स्टीलचीच घ्यायची, प्लॅस्टिकच्या पट्टीची कड पात्यानं सोलली जाते आणि पुढची प्रत्येक रेघ वाकडी येते. खाली घ्यायला त्या हिरव्या मॅट मिळतात. छान असतात, पण जुन्या दिनदर्शिकेचा पुठ्ठा चालतो.

आणि कागद? इथं मला सगळ्यात जास्त लाज वाटली. मी ज्या कार्डस्टॉकच्या दहा तुकड्यांना दीडशे रुपये मोजले, तसा कागद बाबांच्या छापखान्यात रोज रद्दीत जातो. मोठा ताव कापून काम झालं की कडेला चार-पाच इंच रुंदीच्या पट्ट्या उरतात. आयव्हरी असते, आर्ट कार्ड असतं, लग्नाच्या पत्रिकांचा चमकदार कागद असतो. याला कातरण म्हणतात आणि ती किलोवर जाते. पत्रिकांच्या दुकानातही दरवर्षी जुने नमुने निघतात, आत कोरे, पाकिटासकट. मी एका दुकानातून पिशवीभर मागून आणले. अडचण एकच, निम्म्यांवर उठावाचा गणपती होता. नाताळच्या कार्डावर गणपती चालणार नाही, आणि त्याच्यावर कागद चिकटवायला माझा हात धजेना. ते बाजूला काढून दिवाळीला ठेवले, दिवाळीला आनंदानं गेले.

जाडीबद्दल एक साधा हिशोब सांगते, कारण तो मला पाच रुपयांना पडला. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. एक चौरस मीटरमध्ये ए-फोरचे सोळा कागद बसतात. म्हणजे ३०० जीएसएमच्या एका ए-फोरचं वजन झालं पावणेएकोणीस ग्रॅम. मी पाठवलं तेव्हा साध्या पाकिटाला पाच रुपयांच्या तिकिटात २० ग्रॅमची मर्यादा होती. अख्ख्या ए-फोरचं कार्ड केलं की पाकीट घालायच्या आधीच आपण काठावर. तोच कागद अर्धा करून घडी घातली तर कार्ड साडेनऊ ग्रॅमच्या आत बसतं, पाकिटाचे तीन-चार ग्रॅम धरूनही सजावटीला सहा-सात ग्रॅम उरतात. तेवढ्यात मोत्यांची माळ बसत नाही, हे बरंच आहे.

आता लेखणी. दुकानात कॅलिग्राफीचे म्हणून जे मार्कर मिळतात त्यांची टोकं बहुतेक रोमन अक्षरांच्या हिशोबानं असतात. देवनागरीला तिरकस काप त्याच्या उलट बाजूनं लागतो, म्हणून आपला बोरू वेगळा कापावा लागतो. रोमन पेनानं मराठी लिहिलं की जाड रेषेच्या जागी बारीक येते, बारीकच्या जागी जाड, आणि आपल्याला वाटतं आपलंच अक्षर वाईट. २०२५ साली पद्मश्री मिळालेल्या अच्युत पालवांचं काम बघा, म्हणजे देवनागरी अक्षर स्वतःच किती सजावट करू शकतं ते कळेल. त्यांच्यासारखं आपल्याला जमणार नाही, पण जमायची गरजही नाही. आइस्क्रीमची काडी धुऊन, वाळवून, टोक तिरकं कापा आणि शाईत बुडवा. पहिले दहा कागद वाया जातील, कातरणीचे आहेत, जाऊ देत. आणि रेघ आखायची तर वरची आखा. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं, आपलं वरच्या रेघेला लटकतं. शाळेच्या वह्यांमुळे आपल्याला खालच्या रेघेची सवय लागते, म्हणून कार्डावर लिहिताना ओळ लाटेसारखी वरखाली होते.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, हिला सजावटीचं वावडं आहे. नाही हो. क्विलिंग मला आवडतं. एकसारखी पट्टी गुंडाळून तिला पाकळीचा आकार देणं ही हातोटी आहे आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी खुशाल करावं. आपल्याच कॉलेजच्या दोघीजणी कार्डं करून विकतात, त्यातून फीचा काही भाग निघतो. त्यांना चांगले पंच, चांगली मॅट लागणारच, त्या धंद्याचं भांडवल म्हणून घेतात. माझा विरोध आहे तो 'आवश्यक' या शब्दाला. आवश्यक म्हणजे ज्याच्यावाचून होत नाही ते. मोत्यांवाचून होतं. मजकुरावाचून होत नाही, आणि तोच आपण विकत आणत होतो.

मजेची गोष्ट म्हणजे विकतच्या नाताळ कार्डाची सुरुवातच मुळी लिहिण्याचा कंटाळा टाळायला झाली. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना नाताळच्या पत्रांची उत्तरं द्यायला सवड नव्हती. त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं, हजार प्रती छापल्या, हातानं रंगवून घेतल्या आणि उरलेल्या एक शिलिंगला एक अशा विकल्या. कुणाला आणि कुणाकडून, एवढीच जागा कोरी. रंग हातचा, मजकूर छापील! पावणेदोनशेहून जास्त वर्षांनंतर बेळगावात आम्ही तेच करून वर 'हस्तनिर्मित' म्हणून गुण देत होतो. कोलसाहेब निदान कामाच्या गडबडीत होते. आमच्याकडे ख्रिसमसची सुट्टी होती.

बाबांनी एक तोड सुचवली आहे. ऑफिसचे शिक्के करणारे आपल्या हस्ताक्षराचाही शिक्का करून देतात. कागदावर काळ्या शाईनं लिहून न्यायचं, दोन-अडीचशेत होतं. स्टॉलवर पन्नास कार्डं विकायची असतील तर सोयीचं आहे. होस्टेलवाल्या मैत्रिणीचं अक्षर त्यासाठी घ्यावं असं मला वाटतं आणि ती तयारही आहे. पण स्पर्धेत तो शिक्का चालू द्यावा की नाही यावर माझं मन अजून ठरत नाही. आज विचाराल तर नको म्हणेन.

आजीला मी दुसरं कार्ड पाठवलं. आयव्हरीच्या कातरणीचं, आत आइस्क्रीमच्या काडीनं लिहिलेल्या चार ओळी, पेपर नीट दिसतो का, धुरात बसू नकोस, वगैरे. फोन आला. म्हटलं आता कौतुक करेल. ती म्हणाली, "डोळ्यांनावरचं टिंब कुठं गेलं गं? एम.ए. मराठी करणार म्हणतीस न्हवं?" मग पुढे पाच मिनिटं तिच्या डोळ्यांबद्दल बोलली. पहिल्या कार्डावर ती अशी बोलली नव्हती, कारण बोलण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

यंदाच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे, आणि तुम्ही आलात तर माझ्या बाजूनं बोला. फलकावर यादी लागणार नाही. मजकूर मराठीत, स्वतःचा आणि हातानं लिहिलेला हवा, आणि ५० पैकी ३० गुण त्याला. 'दुसऱ्याच्या कवितेच्या ओळी चालतील का' असं दरवर्षी कुणीतरी विचारतं, तर चालणार नाहीत. आणि मंडळाची एक सामाईक पेटी असेल. पेटी तर मी भरायलाही लागले आहे : चार कटर, सुटी पाती, दोन स्टीलच्या पट्ट्या, रिकाम्या रिफिली, गोंदाचा एक मोठा डबा, काळी शाई आणि चाळीसेक काड्या. सगळं मिळून मागच्या वर्षीच्या एकटीच्या खर्चाहून थोडं जास्त झालं, तेही मंडळाच्या वर्गणीतून. पेटी मराठी विभागाच्या कपाटात आहे. चावी शिपाईमामांकडे, माझं नाव सांगितलं की देतात.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी दोनला विभागातच बसायचं आहे. बाबांनी दोन पिशव्या कातरण द्यायचं कबूल केलंय, डायऱ्यांच्या गडबडीतून वेळ मिळाला तर क्रीज कशी मारायची हे दाखवायला स्वतःही येतील. तुम्ही काही आणू नका. फक्त ज्यांना कार्ड पाठवायचं आहे त्यांचा पत्ता आणा, पिनकोडसकट. मागच्या वर्षी अकरापैकी नऊजणींना तो ठाऊक नव्हता.